गणिताचा मठ आणि घाण्याचे तेल



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर लिहिला गेला, त्याच दिवशी संध्याकाळी माळीवाड्याच्या वेशीपाशी एक वयोवृद्ध गृहस्थ आम्हांस भेटले. त्यांचा सारा जन्म आडत्याच्या पेढीवर हिशेब लिहिण्यात गेलेला. पावकी-निमकी अजून तोंडपाठ. ते आम्हांस म्हणाले, "अहो, गणितात आता शोधायचे ते काय उरले आहे? पाढे झाले, त्रैराशिक झाले, भूमितीची प्रमेये तर दोन हजार वर्षांपूर्वीच सिद्ध झाली. मग विद्यापीठात गणिताचे आणि संगणकाचे विभाग थाटून ही विद्वान मंडळी संशोधन करतात ते कशाचे? आणि त्याचा तुम्हां-आम्हांला उपयोग काय?"

प्रश्न थट्टेचा नव्हता. तो मनापासून विचारलेला होता, आणि आमची अशी समजूत आहे की या मंडपात बसलेल्यांपैकी पुष्कळांच्या मनांत तोच प्रश्न असेल. आम्ही काही गणिताचे पंडित नव्हे; आम्ही इतिहासाचे विद्यार्थी. तेव्हा त्या गृहस्थांना जे उत्तर द्यावयाचे ते इतिहासाच्या वाटेनेच देणे आम्हांस भाग आहे.

या वाटेवरचा पहिला मुक्काम आपल्या गावातच आहे. आपल्या भुईकोट किल्ल्यात १९४२ च्या ऑगस्टपासून १९४५ च्या मार्चपर्यंत पंडित जवाहरलाल नेहरू बंदिवासात होते, हे येथील शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. १९४४ साली त्यांनी तेथेच 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हा ग्रंथ लिहिला, हेही सर्वश्रुत आहे. परंतु त्या ग्रंथात प्राचीन भारतातील गणितावर एक स्वतंत्र भाग आहे, याची आठवण फारशी कोणास नसते. बाहेर महायुद्ध चालू, देश पारतंत्र्यात, आणि किल्ल्याच्या भिंतीआड बसलेला एक राजकीय कैदी शून्याचा आणि स्थानमूल्याचा विचार करीत आहे! राष्ट्राच्या इतिहासात लढाया आणि राजवंश यांच्याइतकेच अंकांनाही स्थान आहे, असे त्याला वाटले. आपणही आज तेवढे मानून चालू.

येथून आपण सातशेहून अधिक वर्षे मागे जाऊ. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ डोंगराच्या पायथ्याशी पाटणे नावाचे गाव आहे. तेथील देवीच्या देवळात एक शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो विद्वानांच्या नजरेस आणला. लेख शके ११२८ चा, म्हणजे इसवी सन १२०७ चा. आपल्या जिल्ह्यात नेवाशास ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती १२९० साली; त्याच्याही ८३ वर्षे आधीचा. 'लीलावती' आणि 'सिद्धांतशिरोमणी' या ग्रंथांचे कर्ते भास्कराचार्य यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या पदरी ज्योतिषी होता. आपल्या आजोबांचे ग्रंथ शिकविले जावेत, त्यांच्यावर विचार व्हावा, म्हणून त्याने पाटण्यास एक मठ स्थापन केला. यादवांचा मांडलिक सोइदेव निकुंभ याने त्या मठास जमीन आणि उत्पन्न नेमून दिले. हाच तो लेख.

गणिताच्या अभ्यासासाठी राजाश्रयाने चाललेली, वंशपरंपरेने नव्हे तर ग्रंथपरंपरेने जगावी अशी ही संस्था. तिला आजच्या भाषेत विभाग म्हणण्यास कोणाची हरकत नसावी. पण आमचे मन ज्या गोष्टीने वेधले ती निराळीच आहे. लेखाच्या शेवटी संस्कृत थांबते आणि जुनी मराठी सुरू होते. तेथे राजा बोलत नाही, बाजार बोलतो. पेठेतल्या मालावर मठाचा हिस्सा किती, घाण्यामागे तेल किती द्यावयाचे, असा तो व्यवहार लिहिला आहे. मोठे दान संस्कृतात आणि रोजचा वाटा मराठीत! तेली काही 'लीलावती' वाचीत नसेल. तरी त्याच्या घाण्याचे तेल मठाकडे जात होते, आणि रात्री त्या दिव्यापुढे कोणीतरी भास्कराचार्यांची गणिते सोडवीत असेल. गणित कोठे टिकते, या प्रश्नाचे एक उत्तर आम्हांस येथे सापडते. ज्या गावाला ते आपले वाटते, तेथे ते टिकते.

आता एकदम अलीकडे येऊ. १९४७ साली डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी आपल्या गावी अहमदनगर कॉलेज स्थापन केले. पुढे दोनच वर्षांत, १० फेब्रुवारी १९४९ रोजी, पुणे विद्यापीठ अस्तित्वात आले. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर त्याचे पहिले कुलगुरू. आरंभी बारा जिल्हे या विद्यापीठाच्या छायेखाली होते. पुढे कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ झाले तेव्हा पाच उरले, आणि १९९० साली जळगावास विद्यापीठ झाल्यावर पुणे, नाशिक आणि नगर असे तीन राहिले. जिल्हे आले आणि गेले, २०१४ साली विद्यापीठास सावित्रीबाई फुले यांचे नाव दिले गेले, २०२४ साली आपल्या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. पण आपला जिल्हा पहिल्या दिवसापासून त्या विद्यापीठातच आहे. तेव्हा तेथील विभाग हा दूरचा नव्हे, आपल्या घरचाच समजावयाचा.

त्या विद्यापीठात १९५३ साली प्रा. वसंत शंकर हुजूरबाजार हे गणित व संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख म्हणून आले. जन्म कोल्हापूरचा, उच्च संशोधन केंब्रिजला हॅरल्ड जेफ्रीज यांच्यापाशी. त्यांच्या संशोधनाचा एक विषय इंग्रजी नावाने भयंकर वाटतो, पण गोष्ट साधी आहे. माहितीचा डोंगर हाती आला, तर त्यातून असा लहानसा सारांश काढता येईल का की जो जवळ ठेवला असता बाकीचे कागद फेकून दिले तरी काही गमावले जाणार नाही? एक नाणे १०० वेळा उडविले. ते नाणे खरे की खोटे, एवढेच ठरवावयाचे आहे, आणि प्रत्येक फेक दुसऱ्या फेकीपासून स्वतंत्र आहे. तर छापा किती वेळा पडला हा एक आकडा पुरे. कोणत्या क्रमाने पडला हे जपून ठेवण्याचे कारण नाही. पेढीवरच्या आमच्या स्नेह्यांना हे चटकन पटले. ते म्हणाले, "म्हणजे रोजकीर्द जाळली तरी चालेल अशी खतावणी!" आम्ही म्हटले, अगदी तेच. परंतु अशी खतावणी केव्हा शक्य असते आणि केव्हा नसते, हे सिद्ध करून दाखविणे म्हणजे संशोधन. १९७४ साली हुजूरबाजारांना पद्मभूषण मिळाले.

संख्याशास्त्राचे हे बोलणे कोणास पोकळ वाटू नये, म्हणून आता आपल्या जिल्ह्याच्या जिव्हाळ्याच्या विषयाकडे वळू. तो विषय म्हणजे आणेवारी. सोळा आणे पीक म्हणजे भरलेले शेत; यंदा पीक किती आणे आले, हे महसूल खात्याचा माणूस बांधावर उभा राहून नजरेने ठरवीत असे. त्या नजरेवर सारा तहकूब होणे न होणे अवलंबून. १९१८ साली खेडा जिल्ह्यात गांधीजींनी सत्याग्रह केला, त्याच्या मुळाशी हाच वाद होता. पीक चार आण्यांच्या आत आले तर सारा तहकूब करावा असा नियम. शेतकरी म्हणत चार आण्यांच्या आत आले, अधिकारी म्हणत अधिक आले. खेडा आणि नगर दोन्ही तेव्हा मुंबई इलाख्यातच. दुष्काळाशी आपल्या जिल्ह्याचा परिचय जुना. तेव्हा नजरेच्या या न्यायाचे चटके येथील शेतकऱ्याला निराळे सांगावयास नकोत.

आता, नजरेच्या जागी माप आणावयाचे कसे? जिल्ह्यातले सगळे पीक कापून तोलणे अशक्य. येथे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावच्या एका मराठी माणसाने फार मोठे काम केले. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म १९११. फर्ग्युसन कॉलेजात शिकून ते लंडनला गेले आणि परत येऊन १९४० पासून दिल्लीच्या कृषिसंशोधन परिषदेत काम करू लागले. त्यांचे सहकारी डॉ. विनायक गोविंद पानसे. या दोघांनी जी रीत बसविली ती अशी: गावांतून काही गावे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडावयाची, त्या गावांतली काही शेते तशीच निवडावयाची, आणि त्या शेतात कोठे कापावयाचे ती जागाही माणसाने नव्हे, आकड्यांच्या तक्त्याने ठरवावयाची. मग तेवढा तुकडा कापून, मळून, धान्य तोलावयाचे. माणसाने निवडले तर त्याचा हात चांगल्या कणसांकडे जातो. चिठ्ठीला कणसे दिसत नाहीत.

पण तुकडा केवढा घ्यावा? यावर विद्वानांत मोठा वाद झाला. कलकत्त्याचे प्रा. महालनोबीस लहान तुकड्यांच्या बाजूचे होते. त्यांत खर्च कमी आणि तुकडे पुष्कळ घेता येतात. सुखात्मे यांनी १९४६ साली दाखवून दिले की लहान तुकड्यांनी पीक असते त्याहून अधिक दिसते. कारण ऐकण्यासारखे आहे. विळा घेऊन बसलेल्या माणसाला नेमक्या सीमेवरचे ताट आत धरावे की बाहेर, असा प्रश्न पडतो, आणि मनुष्यस्वभाव असा की तो बहुधा आत धरतो. दोन फूट त्रिज्येचे वर्तुळ आखले तर त्याचे क्षेत्र सुमारे १२॥ चौरस फूट आणि परीघही सुमारे १२॥ फूट. म्हणजे दर चौरस फुटामागे एक फूट सीमा. तेच ३३ फूट लांब आणि १६॥ फूट रुंद असा एकराचा ऐंशीवा भाग घेतला, तर क्षेत्र ५४४॥ चौरस फूट आणि सीमा ९९ फूट. म्हणजे दर चौरस फुटामागे फुटाचा पाचवा हिस्साही नाही. जितकी सीमा कमी तितका हाताचा पक्षपात कमी. इतके साधे भूमितीचे तत्त्व! पण ते ओळखले गेले नसते, तर कागदावर पीक फुगले असते आणि शेतकऱ्याची तूट झाकली गेली असती. १९५४ साली पानसे आणि सुखात्मे यांनी शेतीसंशोधकांसाठी संख्याशास्त्राचा जो ग्रंथ लिहिला, त्यावर देशातल्या कृषिमहाविद्यालयांच्या पिढ्या शिकल्या.

शेतातून बाहेर पडण्यापूर्वी आणखी एक गोष्ट पाहू, कारण ती आपल्याला शेतातून थेट शुद्ध गणिताच्या गाभाऱ्यात घेऊन जाते. समजा, आम्हांला तीन वाणांची तुलना करावयाची आहे. शेताला एका अंगाने उतार आहे, दुसऱ्या अंगाने माती हलकी होत गेली आहे. एक वाण वरच्या बाजूस आणि दुसरा खालच्या बाजूस पेरला तर फरक वाणाचा की उताराचा हे कळणार नाही. म्हणून शेताचे नऊ चौकोन करून पहिल्या ओळीत क, ख, ग. दुसरीत ख, ग, क. तिसरीत ग, क, ख असे वाण पेरावयाचे. प्रत्येक वाण प्रत्येक आडव्या ओळीत एकदा आणि प्रत्येक उभ्या ओळीतही एकदाच येतो. या रचनेला लॅटिन चौरस म्हणतात. आता याच चौकोनांत तीन खते घालावयाची: पहिल्या ओळीत १, २, ३, दुसरीत ३, १, २, तिसरीत २, ३, १. घरी जाऊन कागदावर मांडून पाहा: प्रत्येक वाणाला प्रत्येक खत बरोबर एकदा मिळते, आणि खतेही प्रत्येक ओळीत एकेकदाच येतात. इंग्लंडात रोनल्ड फिशर यांनी शेतीच्या प्रयोगांत अशा रचना रूढ केल्या. १९३२ साली नीरेच्या काठी पाडेगावास उसाचे संशोधन केंद्र निघाले आणि १९६८ साली स्थापन झालेले कृषी विद्यापीठ आपल्या राहुरीस आले. अशा ठिकाणी प्रयोगाच्या शेताची आखणी करताना अभ्यासकाला ज्या रचना शिकाव्याच लागतात, त्यांत हा चौरस आहे.

परंतु या चौरसांचा जन्म शेतात झालेला नाही. १७८२ साली लिओनार्ड ऑयलर या थोर गणितज्ञाने एक कोडे प्रसिद्ध केले. सहा पलटणी, प्रत्येकीतून सहा वेगवेगळ्या हुद्द्यांचे सहा अधिकारी, एकूण ३६. त्यांना सहा बाय सहा अशा चौरसात उभे करावयाचे, की प्रत्येक आडव्या आणि उभ्या ओळीत प्रत्येक पलटण आणि प्रत्येक हुद्दा एकेकदाच यावा. ऑयलरला ते जमेना. तो म्हणाला, हे सहासाठी अशक्य आहे. आणि १०, १४, १८, २२ अशा, चाराने भागले असता दोन उरणाऱ्या, सगळ्याच संख्यांसाठी अशक्य असावे. १९०१ च्या सुमारास तारी नावाच्या फ्रेंच गृहस्थाने सहाच्या बाबतीत सारी प्रकरणे तपासून ऑयलर बरोबर असल्याचे दाखविले. मग दहाचे काय? पावणेदोनशे वर्षे हा प्रश्न तसाच राहिला.

हा प्रश्न सोडविणाऱ्या तिघांपैकी एक मराठी माणूस होता. डॉ. शरदचंद्र शंकर श्रीखंडे, जन्म १९१७, सागरचा, शिक्षण नागपूरला. पुढे अमेरिकेत चॅपल हिल येथे राजचंद्र बोस यांच्यापाशी त्यांनी संशोधन केले. १९५९ साली बोस आणि श्रीखंडे यांनी २२ बाय २२ चा असा चौरस बांधून दाखविला, आणि ऑयलरचे अनुमान कोसळले. लगोलग अर्नेस्ट पार्कर यांनी दहाचा चौरस बांधला. मग तिघांनी मिळून सिद्ध केले की दोन आणि सहा एवढे दोनच अपवाद. बाकी सर्वत्र ऑयलर चुकला. न्यूयॉर्कच्या मोठ्या वर्तमानपत्राने ही वार्ता पहिल्या पानावर छापली. गणिताची वार्ता पहिल्या पानावर! श्रीखंडे पुढे स्वदेशी आले, १९६३ पासून १९७८ पर्यंत मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख राहिले, आणि वयाच्या १०३ व्या वर्षी, २०२० साली, निवर्तले.

येथे आमच्या पेढीवरच्या स्नेह्यांनी हात वर केला असता, अशी आम्हांस खात्री आहे. "पण साहेब, यंत्र होते ना? मग पावणेदोनशे वर्षे कशाला?" प्रश्न रास्त आहे, आणि गणित व संगणक एका छपराखाली का बसतात, याचे उत्तर त्यातच आहे. यंत्राला खरोखरच विचारून पाहिले होते. श्रीखंडे यांच्या यशाआधी अमेरिकेत एका गणकयंत्रावर दहाच्या चौरसाचा शोध घेतला गेला. यंत्र तासच्या तास चालविले, आणि हिशेब असा निघाला की या गतीने एका चौरसाचा जोडीदार शोधावयास लक्षावधी वर्षे लागतील. पार्कर हे तर स्वतः गणकयंत्रे बनविणाऱ्या कंपनीत नोकरीस होते. पण दहाचा चौरस त्यांना मिळाला तो यंत्राच्या चाळणीतून नव्हे, रचनेच्या विचारातून. त्यानंतर मात्र त्यांनी यंत्राला प्रश्न विचारण्याची रीतच बदलली. एकेक खाना भरीत बसण्याऐवजी, आधी चौरसातून निवडता येण्याजोगे दहा-दहा खान्यांचे संच काढावयाचे आणि मग ते संच एकमेकांत बसवावयाचे. यंत्रे तेव्हाचीच, पण जे लक्षावधी वर्षांचे वाटत होते ते काम आटोक्यात आले. रीत बदलली की काळ बदलतो. अशा रीती शोधणे, एक रीत दुसरीपेक्षा किती वेगवान आहे हे सिद्ध करणे, आणि कोणत्या प्रश्नाला वेगवान रीत असूच शकत नाही हे ओळखणे, हे संगणकशास्त्राच्या संशोधनाचे हृदय आहे. यंत्र विकत मिळते; रीत विकत मिळत नाही.

आपल्या देशाने यंत्र विकत घेण्यावरच समाधान मानले नाही, हेही सांगितले पाहिजे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली १९५० नंतरच्या दशकात गणकयंत्र बांधण्यास सुरुवात झाली आणि १९६० साली ते चालू झाले. सुमारे २७०० निर्वात नळ्या, आणि स्मृती अवघी २०४८ शब्दांची! आज मुलाच्या खिशातल्या फोनपुढे ते केविलवाणे दिसेल. पण ते येथे आखले आणि येथे जोडले. १९६२ साली त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण झाले, आणि ते करणारे गृहस्थ होते पंडित नेहरू. अठरा वर्षांपूर्वी आपल्या किल्ल्यात शून्याविषयी लिहिणारा हात, शून्य आणि एक या दोनच अंकांवर चालणाऱ्या यंत्राला नाव देत होता. १९८० साली पुणे विद्यापीठात संगणकशास्त्राचा कार्यक्रम सुरू झाला. परदेशाकडून महासंगणक मिळेना, तेव्हा १९८८ साली पुण्यास 'सी-डॅक' ही संस्था स्थापन झाली, आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली 'परम' तयार झाला. अनेक लहान यंत्रांनी एक मोठे काम वाटून घ्यावे, ही त्यामागची कल्पना. काम वाटावे कसे, हाही शेवटी गणिताचाच प्रश्न.

आता उपयोगाच्या प्रश्नाचे उरलेले अर्धे उत्तर. दामोदर धर्मानंद कोसंबी हे नाव आपणांस इतिहासकार म्हणून परिचित आहे. आम्हां इतिहासाच्या विद्यार्थ्यांना तर ते गुरुस्थानी. प्राचीन नाणी तोलून, त्यांच्या झिजेवरून इतिहास काढण्याचे त्यांचे कसब प्रसिद्धच आहे. पण त्यांचा पेशा गणिताचा. फर्ग्युसन कॉलेजात ते गणित शिकवीत असता १९४३ साली त्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातली कल्पना पुढे कार्हुनेन आणि लोएव्ह यांनी स्वतंत्रपणे मांडली, आणि आज ती कोसंबींच्याही नावाने ओळखली जाते. गुंतागुंतीच्या लहरींतून मोजके महत्त्वाचे घटक वेगळे काढावयाचे, ही ती कल्पना. आवाज आणि चित्रे यांच्या अभ्यासात ती पदोपदी लागते. दुसऱ्याच वर्षी, १९४४ साली, त्यांनी गुणसूत्रावरील दोन जनुकांमधले अंतर काढण्याचे एक सूत्र दिले. ते सूत्र त्यांच्या नावाने आजही पीकसुधारणेच्या अभ्यासात वापरले जाते. पुण्याच्या एका कॉलेजातल्या गणिताच्या शिक्षकाचे टिपण, आणि त्याचा उपयोग गव्हा-ज्वारीच्या वाणांच्या नकाशाला! लिहिताना हे कोणाला सांगता आले असते?

दुसरे उदाहरण शेजारच्या नाशिक जिल्ह्यातले. देवळालीच्या शाळेत दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे शिक्षक होते. जन्म १९०५, निवृत्ती १९६२. मोठी पदवी नाही, विद्यापीठाची खुर्ची नाही. संख्यांशी खेळत बसणे हा त्यांचा एकच नाद. १९४९ साली त्यांनी ६१७४ या संख्येचा गुण सांगितला. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, मात्र चारही अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यांतून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, आणि उत्तराचे पुन्हा तसेच करा. आपल्या शहराच्या स्थापनेचे साल १४९० घेऊ. ९४१० मधून ०१४९ गेले, ९२६१ राहिले. ९६२१ मधून १२६९ गेले, ८३५२. ८५३२ मधून २३५८ गेले, ६१७४. पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च. नेहरू किल्ल्यात आले ते साल १९४२ घेतलेत तर सहा पायऱ्या लागतील. पण मुक्काम तोच. सातपेक्षा अधिक पायऱ्या कधीच लागत नाहीत. पुष्कळ दिवस विद्वानांनी याकडे पोरखेळ म्हणून पाहिले. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या एका विज्ञानमासिकात कापरेकरांविषयी लिहिले, आणि देवळालीच्या मास्तरांचे नाव जगभर गेले. आज ज्या मुलाला संगणकाला आज्ञा लिहिण्यास शिकवितात, त्याला हे उदाहरण हमखास घालतात.

तात्पर्य काय? आणेवारीचा प्रश्न उपयोगातून निघाला आणि सीमेच्या गणिताकडे गेला. ऑयलरचे कोडे करमणुकीतून निघाले आणि शेताकडे आले. कोसंबींचे सूत्र कोठून निघाले आणि कोठे पोचले! उपयुक्त गणिताच्या आणि निरुपयोगी गणिताच्या मधली सीमा आगाऊ आखता येत नाही. जो विभाग फक्त आजच्या उपयोगाचे तेवढेच शिकवील, त्याला उद्याच्या उपयोगाचे काहीच सापडणार नाही.

आणि उरले काय आहे, असे विचाराल तर पुष्कळ उरले आहे. दहाच्या आकाराचे दोन चौरस एकमेकांशी जुळतात, हे १९५९ साली कळले. तीन चौरस परस्परांशी जुळतील का? हा प्रश्न एखाद्या शाळकरी मुलालाही समजेल असा आहे, आणि याचे उत्तर अजून या पृथ्वीतलावर कोणालाही ठाऊक नाही. नऊ चौरस असे जुळणार नाहीत, हे १९८९ साली ठरले. त्यासाठी महासंगणकाला सुमारे २००० तास राबविले गेले. तीनाचे मात्र ठरलेले नाही. संगमनेरच्या किंवा श्रीगोंद्याच्या एखाद्या मुलीने ते ठरवावे, यात अशक्य ते काय?

अशक्य काही नाही. पण अडचण आहे, आणि ती आमची-तुमची आहे. आपल्या घरची मुले आज संगणकाकडे मोठ्या संख्येने जातात. लोणीसारख्या खेड्यात १९८३ साली अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, ही आपल्या जिल्ह्याने अभिमान धरावा अशीच गोष्ट. पण आम्ही त्या मुलांना विचारतो ते एवढेच, की नोकरी कधी लागणार? ते विचारणे गैर नाही. दुष्काळी मुलखातल्या बापाला तो प्रश्न पडणारच. पण दहांतल्या एखाद्या मुलाला रीत वापरण्यापेक्षा रीत शोधण्यातच गोडी असते. तो वहीच्या शेवटच्या पानावर आकडे मांडीत बसतो, आणि आम्ही त्याला म्हणतो, "वेळ घालवू नकोस." कापरेकरांच्या वहीकडे पाहून देवळालीतही कोणीतरी असे म्हटले असेल.

पाटण्याच्या त्या लेखाकडे परत जाऊन आम्ही आटोपते घेतो. तो मठ आज नाही. निकुंभांचे राज्य गेले, यादवांचेही गेले. शिळेवर राहिले ते एवढेच, की राजाने जमीन दिली आणि तेल्याने तेल दिले. आज सरकार जमीन देईल, इमारत देईल, यंत्रेही देईल. तेल देणे आपल्याकडे राहते. गावच्या वाचनालयात गणिताची चार मराठी पुस्तके असावीत. शाळेतल्या एखाद्या कापरेकराला सुट्टीच्या दिवशी फळा आणि खोली मिळावी. आणि या व्याख्यानमालेत दर वसंतात एक संध्याकाळ गणितासाठी राखून ठेवावी. वाटा लहान आहे, पण तो रोजचा आणि मराठीतला आहे.

पेढीवरच्या त्या गृहस्थांना आम्ही आजचे आमंत्रण दिले होते. ते समोर तिसऱ्या ओळीत बसले आहेत. मघापासून पावतीच्या पाठीवर पेन्सिलीने काहीतरी वजाबाक्या करीत आहेत, आणि त्यांच्या मुद्रेवरून ६१७४ निघाले असावे असे दिसते. आमचे व्याख्यान येथे संपते. त्यांचे संशोधन चालू राहो, एवढीच इच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.